ईथर आणि बर्फ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात प्रेरणा दांडगेला सूक्ष्मदर्शकाखाली चार पंखांची माशी दिसली. चार पंखांच्या माश्या ती गेली दोन वर्षे पाहत आली होती, तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधातले सर्वांत मोठे प्रकरण त्यांच्यावरच होते. पण ही माशी चुकीच्या बाटलीतून निघाली होती.

पिकलेल्या केळ्यावर जे चिलट येऊन बसते, तीच ही फळमाशी. तिला दोन पंख असतात. त्यांच्या मागे, जिथे इतर बहुतेक कीटकांना पंखांची दुसरी जोडी असते तिथे, तिला गदेसारखे दोन बारीक अवयव असतात. उडताना तोल राखणे एवढेच त्यांचे काम. प्रयोगशाळेत त्यांना तोलक म्हणत. पंखातल्या पेशी आणि तोलकातल्या पेशी यांच्यातला डीएनए एकच असतो. फरक इतकाच, की तोलकाच्या जागी एक जनुक चालू असते आणि ते तिथे पंख होऊ देत नाही. हे जनुक कुठे चालू व्हायचे आणि कुठे बंद राहायचे, हे त्याच्या आसपासचे डीएनएचे तुकडे ठरवतात. प्रयोगशाळेत त्यांना स्विच म्हणत. अंडे घातल्यावर पहिल्या काही तासांत हे ठरते. एकदा ठरले की अळी झाली, कोष झाला, माशी बाहेर आली, तरी पेशी ते विसरत नाहीत.

प्रेरणाने ज्या माश्यांवर काम केले, त्यांच्यातला असा एक छोटा स्विच कापून टाकलेला होता. त्या माश्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शात तोलक फुगलेले दिसत. काहींत त्यांना पंखाची कडा फुटलेली असे. क्वचित एखादीला मागे पंखांची जवळजवळ पूर्ण जोडी असे. ज्या माश्यांतले काहीही कापलेले नव्हते, त्या कंट्रोलच्या माश्यांत असले काही आढळले नव्हते. निष्कर्ष सरळ होता. हा स्विच नसला की जनुक चालू होत नाही आणि तोलकाचा पंख होतो. गेल्या वर्षी यावर शोधनिबंध छापून आला. शहरातल्या एका दैनिकाने माशीचा फोटो दिला. सोयगावात प्रेरणाचे वडील पुंजाराम दांडगे यांनी तो आपल्या बियाण्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवला.

आता समोर असलेली माशी कंट्रोलच्या बाटलीतली होती. तिच्यातले काहीही कापलेले नव्हते.

बाटली बदलली असेल, असे प्रेरणाला आधी वाटले. तिने त्याच माश्यांचा डीएनए काढून तपासला. स्विच जागेवर होता, अख्खा होता. तिने बाटलीतल्या उरलेल्या माश्या एकेक करून पाहिल्या. साधारण पाचव्या हिश्शात तोलक फुगलेले होते.

ही कंट्रोलची बॅच तिला नव्याने करावी लागली होती. प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकाने कंट्रोल माशीचा अधिक स्पष्ट फोटो मागितला होता. आधीच्या सगळ्या कंट्रोल बॅच बासितने केलेल्या होत्या. तो तिच्या दोन वर्षे पुढचा, गेल्या वर्षी पीएच.डी. होऊन गेलेला. त्यामुळे या वेळी माश्या पिंजऱ्यात सोडण्यापासून अंडी उचलण्यापर्यंत सगळे प्रेरणाने स्वतः केले. माश्या त्याच होत्या, मक्याचे पीठ आणि गुळाचे खाद्य तेच होते, पंचवीस अंशांवर ठेवलेली पेटी तीच होती. बदलले होते ते फक्त काम करणारे हात.

हे तिच्या लक्षात आले तेव्हा ती उभी होती, ती खुर्चीत बसली.

फळमाश्या हाताळायच्या तर त्यांना आधी बेशुद्ध करावे लागते, नाहीतर झाकण उघडताच त्या उडून जातात. मोठ्या संस्थांत त्यासाठी कार्बन डायऑक्साइडची नळी असते. या महाविद्यालयात ईथर होते. माश्या वेगळ्या बाटलीत घ्यायच्या, तोंडाशी ईथरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा धरायचा, त्या पडल्या की मोजायच्या, अशी रीत डॉ. विश्वजीत औताडे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला शिकवत. ते प्रेरणाचे आणि बासितचे मार्गदर्शक. पण उन्हाळ्यात माश्या फार चपळ होतात आणि पिंजऱ्यातून बाटलीत घेताना निम्म्या निसटतात. म्हणून विद्यार्थ्यांनी आपली एक सोय काढली होती. बोळा थेट पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचा आणि चहा घेऊन यायचे. वाफ हळूहळू आत उतरते. परत येईपर्यंत माश्या पडलेल्या असतात. मग पिंजऱ्याच्या तळाशी माश्यांनी अंडी घालण्यासाठी ठेवलेली ताटली काढून घ्यायची. प्रेरणाला हे आधीच्या बॅचमधल्या सुलेखाने दाखवले होते, सुलेखाला तिच्या आधीच्या कुणीतरी.

ताटलीत त्या वेळी नुकती घातलेली अंडी असत. पंख की तोलक, हे ज्या तासांत ठरते, नेमक्या त्याच तासांतली.

बासितने बोळा वापरला नव्हता. त्याचे कारण दोन वर्षांपूर्वीचा रमजान. प्रयोग सुरू करायच्या वेळेलाच, मार्चमध्ये, तो आला. पहिल्याच दिवशी बासितने ईथरच्या बाटलीचे बूच उघडले आणि परत लावले.

"मॅडम, हे माझ्याच्यानं होणार नाय," तो म्हणाला. तो तिला चिडवायला मॅडम म्हणे. "बेहोश करायची चीज आहे. नाकात गेली तर रोजा राहतो का तुटतो, मौलानांना विचारावं लागेल. अन् मी विचारलं तर ते आधी विचारतील, माश्यांना बेहोश करून तू करतोस काय."

"मग सांगा ना."

"काय सांगू? नसबंदीचं ऑपरेशन करतो म्हणून?"

प्रेरणा हसली. "ईथरचं सगळं मी बघते, बासितभाई. कापलेल्या माश्या माझ्याकडं. तुम्ही कंट्रोल घ्या, बर्फावर करा."

थंडीनेही माश्या निपचित पडतात. शहागंजच्या बाजारात रमजानभर बर्फाच्या लाद्या उतरत. बासित येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा चुरा आणी आणि त्यात पिंजरा ठेवी. ईद झाल्यावरही त्याने तेच चालू ठेवले. ईथरने तसेही त्याचे डोके धरत असे. प्रेरणाच्या दृष्टीने ही सहकाऱ्याची अडचण समजून घेणे होते, आणि ते तसेच होते. दोघांनी काम वाटून घेतले. त्या वाटणीत एका बाजूला ईथर गेले आणि दुसऱ्या बाजूला बर्फ. त्यानंतर दोन गटांत जो फरक दिसला, तो कापलेल्या स्विचचा आहे असे सगळ्यांनी धरले. शोधनिबंधात या बाबतीत एकच ओळ होती: माश्या नेहमीच्या पद्धतीने बेशुद्ध केल्या.

प्रेरणाने उलटे करून पाहिले. कापलेल्या माश्या बर्फावर घेतल्या, कंट्रोल ईथरवर. अंडी फुटली, अळ्या झाल्या, कोष झाले. कोषांतून माश्या बाहेर आल्या तेव्हा बर्फावरच्या सगळ्या माश्या नेहमीसारख्या होत्या, दोन पंख आणि दोन तोलक. स्विच कापलेला असूनही. त्याचे काम आसपासचे दुसरे स्विच सांभाळून घेत असणार. चार पंख फक्त ईथरच्या बाटलीत होते.

ती दोन्ही बाटल्या घेऊन औताडे सरांच्या केबिनमध्ये गेली.

औताडे सर निवृत्तीला आले होते. कामात काटेकोर, बोलायला कमी. विद्यार्थ्यांच्या प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्यातली बेरीज ते स्वतः करून पाहत. त्यांच्या तीस वर्षांच्या कामातला सर्वांत चर्चेत आलेला निबंध म्हणजे हाच.

"परीक्षकांचा फोटो झाला?" त्यांनी विचारले.

"झाला, सर. कंट्रोलला पंख आलेत."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाशी बसले. दोन्ही बाटल्यांतल्या माश्या पाहिल्या. वर पाहिले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बोळा कुठं ठेवत होतीस?"

"पिंजऱ्यावर."

"अंड्यांसकट?"

"हो, सर."

"मी काय शिकवलं होतं?"

"वेगळ्या बाटलीत घ्यायचं. पण सर, इथं सगळेच पिंजऱ्यावर ठेवतात. मला सुलेखाताईंनी तसंच दाखवलं."

"सुलेखाला डोळ्यांचे रंग मोजायचे होते. तिला चाललं असतं. कोवळ्या अंड्यांना ईथर लागलं की असे पंख येतात, हे माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. एम.एस्सी.ला मी दरवर्षी शिकवतो. तुलाही शिकवलं असेल."

"शिकवलं होतं, सर. परीक्षेला आलं होतं."

खिडकीतला कूलर पाणी संपल्यामुळे नुसताच फिरत होता.

औताडे सरांनी प्रयोग आपल्या देखरेखीखाली पुन्हा करायला लावला. बाटल्यांवर नावाऐवजी आकडे टाकले, कुठल्या आकड्याची माशी कुठली हे स्वतःजवळ ठेवले आणि मोजणी प्रेरणाकडून करून घेतली. उत्तर तेच आले. त्यांनी ते तिला सांगितले, बाटल्या धुवायला पाठवल्या आणि म्हणाले, "आता नियतकालिकाला कळवावं लागेल. लपवायचं नाही."

प्रेरणाला त्या क्षणी बरे वाटले. विद्यापीठाने तिची मौखिक परीक्षा जूनच्या शेवटच्या आठवड्यात लावली होती. हे प्रकरण प्रबंधातून काढून टाकले तरी बाकीच्या तीन प्रकरणांवर पदवी मिळू शकते, असे सर म्हणाले. सोयगावाहून आईचा, द्वारकाबाईंचा, रोज फोन येत होता.

"गाडी सांगितली बघ. किती वाजता यायचं तिथं?"

"अकराला. पण आई, जास्त माणसं नको."

"आता कुणाला नाय म्हणू? तुझी मावशी यायली, शेजारची केसरबाई यायली. तिला म्हटलं, परीक्षा असते ती, लग्न नाय. तर म्हणती, दोन्ही एकदाच व्हतंय, बघू द्या."

औताडे सरांनी दुरुस्तीचा मसुदा तयार करून प्रेरणाला मेलवर पाठवला. चार वाक्ये होती. महत्त्वाचे दुसरे. त्याचा मराठीत अर्थ असा: कंट्रोल गटातील माश्या प्रयोगशाळेच्या ठरलेल्या पद्धतीनुसार ईथरने बेशुद्ध न करता बर्फावर बेशुद्ध करण्यात आल्या होत्या, त्यामुळे दोन गटांची तुलना ग्राह्य धरता येत नाही आणि ती तुलना दाखवणारी चौथी आकृती लेखक मागे घेत आहेत.

प्रेरणा ते वाचून केबिनमध्ये गेली.

"सर, यात अंड्यांवर ईथर गेल्याचं नाही."

"तुलना चुकली एवढं सांगायचं आहे. ते सांगितलं आहे."

"वाचणाऱ्याला वाटेल बर्फाचं चुकलं. बर्फाचंच बरोबर होतं."

"यातला एक तरी शब्द खोटा आहे का, सांग."

तिने पुन्हा वाचले. एकही शब्द खोटा नव्हता. प्रयोगशाळेची ठरलेली पद्धत ईथरचीच होती. कंट्रोल बर्फावरच झाले होते. निबंधाच्या शेवटी कुणी काय काम केले याची छापील नोंद होती आणि कंट्रोलपुढे एकच नाव होते, बासितचे.

"दुसरं लिहिता येईल," सर म्हणाले. "पहिल्या लेखिकेनं पद्धत मोडून बोळा अंड्यांवर ठेवला, असं लिहिता येईल. मग ते विद्यापीठाकडं जाईल. समिती बसेल. बाकीच्या प्रकरणांत काय काय मोडलं होतं, ते तपासतील. व्हायवा थांबेल. किती दिवस, मी सांगू शकत नाही. बासितची पदवी झालेली आहे. त्याच्या प्रबंधात हे कंट्रोल नाहीत. त्याचं काही जात नाही."

"त्यांची मुलाखत आहे, सर. पुढच्या महिन्यात. तो पेपर त्यांच्या अर्जात आहे."

"विचार कर. उद्या दुपारपर्यंत मला कळव."

बासित गंगापूरला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होता. जितके तास, तितकेच मानधन, आणि दर जूनला पुन्हा अर्ज. कायमच्या नोकरीसाठी त्याला शहरातल्या एका संस्थेतून मुलाखतीचे बोलावणे आले होते. असे आलेले पहिलेच. प्रेरणा शहरातल्या बाबा पंपाच्या थांब्यावरून जीपने निघाली आणि ऊन उतरायच्या आत त्याच्या गंगापूरच्या घरी पोचली. खाली त्याच्या वडिलांचे, नवाबभाईंचे, जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे दुकान होते. वर दोन खोल्या.

"या, डॉक्टरसाहेब," बासितने दार उघडले.

"अजून झाले नाही."

"व्हशील की. खुशनुमा, चहा टाक. साखर कमी. शहरातली माणसं आली आहेत."

"भाभी, बरोबर टाका. मी सोयगावची आहे."

त्याची बायको खुशनुमा आतून म्हणाली, "तुमचे भाई घरात पण चिलटं मारू देत नाहीत, माहिती आहे ना? केळं सडू देतात. म्हणतात, यांच्यामुळंच पोट भरलं पाच वर्षं."

चहा आला. प्रेरणाने पहिल्यापासून सांगितले. बासितने मध्ये एकदाही तोडले नाही. ती उलट करून पाहिलेल्या प्रयोगापर्यंत आली तेव्हा तो पुढे झुकला.

"म्हणजे माझ्या माश्या बरोबर होत्या."

"तुमच्याच बरोबर होत्या."

"कमाल आहे." तो खुशनुमाकडे वळला. "ऐकलंस? वर्षभर मी काहीच न होणाऱ्या माश्या मोजल्या. लोक विचारायचे, तुझा प्रयोग काय? मी म्हणायचो, माझ्याकडं काही व्हत नाय, तोच माझा प्रयोग."

प्रेरणाने फोनवरचा मसुदा त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला. मग फोन तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचला.

"यात खोटं काय आहे?" त्याने विचारले.

"काहीच नाही."

"मग लिहिलंय भारी. औताडे सरांचा हात आहे, कळतंय." त्याने फोन परत दिला. "खाली माझंच नाव आहे ना, कंट्रोलला?"

"हो."

"अन् आधी लोक विचारणार, बर्फ का? मग कुणीतरी सांगणार, रमजान होता."

"मी कुणाला सांगितलेलं नाही."

"सांगायला कशाला पायजे? सगळ्या डिपार्टमेंटनं माझा डब्बा बघितला आहे. जाधव तर त्यात ताकाची पिशवी ठेवायचा." त्याने कप खाली ठेवला. "वाक्य उलटं लिहिता येतं, प्रेरणा. अंड्यांना ईथर लागलं, म्हणून पंख आले. तेही खरं आहे. जास्त खरं आहे."

या वेळी त्याने मॅडम म्हटले नव्हते.

"सर म्हणतात, मग समिती बसेल. व्हायवा थांबेल. माझी फेलोशिप मार्चलाच संपली, बासितभाई. घरी तारीख सांगून झाली आहे."

"अन् असं लिहिलं तर माझं काय?"

"सर म्हणतात, तुमची पदवी झाली आहे."

"सर काय म्हणतात ते मला कळलं. तू काय म्हणतेस?"

खालून मोटार चालवून पाहिल्याचा आवाज आला आणि बंद झाला.

"मला विचारायला आलीस," बासित म्हणाला, "का माझ्याकडून हो म्हणवून घ्यायला?"

"विचारायला."

"मग नाय. माझी ना आहे. सरांना सांग जाऊन."

खुशनुमाने कप उचलले. प्रेरणाचा भरलेलाच होता. आत जाऊन तिने तो मोरीत ओतल्याचे ऐकू आले.

बासित तिला जीपपर्यंत सोडायला आला. त्याने चालकाशी बोलून तिला पुढची जागा मिळवून दिली, तिचे भाडे दिले, ती नको म्हणत असताना दिले, आणि चालकाला सांगितले, "मॅडमला बाबा पंपावर नीट उतरव. फाट्यावर सोडून पळू नको." जीप भरायला वेळ लागत होता. तो तोवर सावलीत उभा राहिला. दोघे पावसाचा अंदाज काय आहे यावर बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा सरांच्या केबिनमध्ये उभी होती.

"बासितभाईंचा नकार आहे, सर."

"त्याची संमती लागत नाही. पहिली लेखिका आणि मी, दोघांची लागते. त्याला कळवायचं असतं. ते झालं."

"ईथरचं एक वाक्य घालू या. फक्त एक."

"तुला तुझं वेगळं पत्र पाठवायचं असेल तर पाठव. मी अडवणार नाही. फक्त मग मलाही विद्यापीठाला कळवावं लागेल, की विद्यार्थिनीनं शिकवलेली पद्धत मोडली. तेही खरंच आहे." ते हे रागाने बोलत नव्हते. तक्त्यातली बेरीज वाचून दाखवावी तसे बोलत होते. "माझी दोन वर्षं राहिली आहेत, प्रेरणा. माझ्या प्रयोगशाळेत अंड्यांवर ईथर ओतत होते, असं छापून घेऊन मी घरी जाणार नाही."

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. दोघांचीही संमती नोंदवायची खिडकी उघडी होती. सरांची नोंदवलेली होती.

"‘बर्फावर’च्या आधी ‘अंड्यांना अपाय न होता’ असं घालू?" तिने विचारले.

"त्यानं काय होईल?"

"समजणाऱ्याला समजेल."

सरांनी ते शब्द स्वतः टाइप केले, वाक्य एकदा वाचले आणि शब्द काढून टाकले. "दुरुस्तीत कुणाची बाजू मांडायची नसते," ते म्हणाले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

प्रेरणा उभीच राहिली. मग वाकून तिने संमती नोंदवली. त्याला काही सेकंद लागले. सरांनी आभार मानले आणि मौखिक परीक्षेच्या दिवशी सभागृहातला प्रोजेक्टर आधी तपासून ठेवायची आठवण केली.

परीक्षा ठरलेल्या दिवशी झाली. सोयगावाहून गाडीभर माणसे आली आणि मागच्या रांगांत बसली. चौथ्या आकृतीचे प्रकरण प्रबंधात नसल्यामुळे त्यावर प्रश्न आला नाही. चहाच्या वेळी विभागप्रमुखांनी बाहेरच्या परीक्षकांना त्याची हकीकत सांगितली. "आमच्या एकानं रोज्यापायी माश्या बर्फावर बसवल्या," ते म्हणाले, आणि परीक्षक हसले.

"चूक ईथरची होती, सर," प्रेरणा म्हणाली. "ईथर मी लावलं होतं."

"असं होतं कधी कधी," परीक्षक म्हणाले. त्यांच्या हातात पेढा होता. "मुद्दा असा, की तुम्ही ते वेळेवर सुधारलंत." पुंजाराम दांडगे शेजारीच बॉक्स धरून उभे होते. त्यांनी परीक्षकांना आणखी एक पेढा घ्यायला लावला.

दुरुस्ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात छापून आली. ऑगस्टमध्ये, एका रविवारी सकाळी, बासितचा फोन आला.

"डॉक्टर दांडगे?"

"बासितभाई."

"मुबारक. जरा उशिरा देतोय. परीक्षेचे पेपर तपासायचे होते."

"मुलाखत झाली?"

"झाली. लई छान झाली. पहिला प्रश्नच बर्फाचा. दुरुस्ती वाचून आले होते बिचारे."

"मग?"

"मग काय, सगळं सांगितलं. फळ्यावर अंडं काढलं. ईथरची वाफ आत कशी जाते, त्या तासांत जनुक कसं चुकतं, पुढं पेशी ती चूक तशीच कशी लक्षात ठेवते, सगळं. डीएनए शाबूत असतो, हे दोनदा सांगितलं. एक मॅडम तर लिहून घेत होत्या. इतकं चांगलं मी वर्गात पण कधी शिकवलं नसेल."

प्रेरणा ऐकत होती.

"त्यानंतर एक साहेब म्हणाले, रोजे होते तर प्रयोग महिनाभर पुढं ढकलायचा ना. घाई काय होती? मी म्हटलं, सर, रोजा मला होता, माश्यांना नव्हता. हसले सगळे. चहा पाजला."

"निकाल?"

"लागला. दुसऱ्याला घेतलं. चांगला आहे पोरगा, मी ओळखतो." पलीकडे मागे कुठेतरी मोटारीचा आवाज होत होता, त्यामुळे तो थोडा मोठ्याने बोलत होता. "इथलं तासिकेचं पण या वर्षी बघू म्हणालेत. वरून पत्र आलं म्हणे, प्राध्यापकांचे छापलेले पेपर तपासून घ्या म्हणून. तोवर बसतो अब्बांच्या दुकानात. तांब्याची तार गुंडाळता येते मला, तुला माहीत नसेल."

"बासितभाई, ईथर कुणी लावलं ते तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाय."

"का?"

"कुणी विचारलंच नाय," बासित म्हणाला.